सातवाहनांचा लेख आणि वैशूचा कमोड

माझ्या घरामागच्या अंगणात सातवाहनांच्या काळातला शिलालेख सापडला, तेव्हा तिथे संडासाचा खड्डा खणणं चालू होतं.

मी जळगाव जामोदला जन्मभर इतिहास शिकवला. शिकवला म्हणजे पोरांकडून सनावळ्या घोकून घेतल्या आणि जेवणानंतरच्या तासाला उभ्या उभ्या पेंगलो. एवढ्या नोकरीत मला कसलाही शोध लागला नाही. (माझ्या चष्म्याचाही नाही. तो शोधही सुमनच लावते. सुमन ही माझी बायको.) त्यामुळे निवृत्त होताना मनात एकच सल होता, की आपल्या नावावर एखादं फुटकं खापर तरी असायला हवं होतं. बाकी मी दमलो होतो. आता नुसतं आरामखुर्चीत पडून राहायचं असं ठरवलं होतं, तेवढ्यात लेक बाळंतपणाला आली.

आमचा संडास घराच्या बाजूला, बोळाच्या टोकाला, उकिडवं बसायचा, जुन्या पद्धतीचा. वैशूला नववा महिना लागलेला. एके दिवशी ती भिंतीला धरत धरत परत आली आणि ओट्यावर बसून रडायलाच लागली.

"बाबा, मले आता खाली बसनं होत नाई, अन् बसलं तं उठनं होत नाई!"

माझा जीव गलबलला. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "बाळ घरी यायच्या आत तुह्या खोलीले लागून कमोड बसवतो. बापाचा शब्द हाय!"

सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "शब्द नका देऊ, मिस्त्री आना."

मिस्त्री आणला. रहीमभाई म्हणजे आमच्याकडचा नेहमीचा माणूस. काम झपाट्यानं सुरू झालं, आणि खड्डा गुडघ्याएवढा झाला न झाला तोच त्याची पहार कशावर तरी खणकन वाजली.

"सर, दगड लागला. फोडू का?"

मी खुर्चीतून उठलो (इथेच चुकलं. उठायलाच नको होतं!) आणि खड्ड्यात डोकावलो. बाजूच्या मातीतून हातभर काळा दगड डोकं काढून होता आणि त्याच्यावर बारीक बारीक खुणा होत्या. ओळीनं! काही आडव्या, काही तिरप्या, आणि मधोमध चक्क एक मासा.

"थांबा! कोणीही हात लावू नका! ही लिपी आहे!"

इतिहासाचा विषय निघाला की मी पुस्तकी मराठीत शिरतो. घरातले तेव्हाच सावध होतात.

"लिपी मंजे काय सर?" रहीमभाईनं विचारलं.

"शिलालेख. दोन हजार वर्षांपूर्वीचा असावा."

रहीमभाई एका उडीत खड्ड्याबाहेर आला. "मंग मी नाई खोदत! खाली कोनाची कबर गिबर असंन तं? उगाच कोनाची नींद कायले खराब करा!" त्यानं टोपली-फावडं गोळा केलं आणि बसस्टँडकडच्या दुसऱ्या कामावर निघून गेला.

खिडकीतून वैशूचा आवाज आला, "बाबा, काम काऊन थांबलं?"

"अगं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. दोन हजार वर्षांचा ठेवा आहे हा!"

"थो दोन हजार वर्स थांबला ना? मंग अजून महिनाभर थांबन. माह्या पोटातलं नाई थांबत!"

सुमन तर दगड बघायलाही आली नाही. "मले दगड पाह्याले टाइम नाई. कमोड दिसन त्या दिवशी पाय ठेवीन मी मांगच्या आंगनात," असं म्हणून तिनं मागचं दार लावून घेतलं. आणि सुमननं एकदा म्हटलं की म्हटलं.

मी मात्र वीस वर्षांनी लहान झालो होतो. दगडावर ताडपत्री टाकली, भोवती दोरी बांधली, टूथब्रशनं माती झाडली, खुणांमध्ये रांगोळी भरली. बाकीचा दगड अजून मातीत होता, पण तो उकरायची मी स्वतःलाही बंदी घातली. शास्त्र म्हणजे शास्त्र! दिसत होता तेवढ्या भागाचा फोटो काढून पुरातत्त्वाच्या कचेरीला मोबाइलवरून पाठवून दिला.

मग शेजारच्या कमलाकाकू भिंतीवरून डोकावल्या. काकूंना चष्म्याशिवाय समोरचा माणूस दिसत नाही, पण देव बरोबर दिसतो.

"गुर्जी, हे पांडवाईच्या वक्ताचं हाय! वनवासात थे सातपुड्यातच व्हते ना? इथीसाच भीम जेवाले बसला असंन."

मी कीव केल्यासारखा हसलो. "काकू, ही दंतकथा झाली. आपण पुराव्यानं बोलायचं असतं."

काकूंनी माझा पुरावा ऐकून घेतला, घरी गेल्या आणि हळदकुंकू व नारळ घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका रांगेनं आल्या. तिसऱ्या दिवशी कोणीतरी उदबत्तीचं घर लावून गेलं. मी कसाबसा रहीमभाईला समजावून परत आणला, की बाबा, दगड तसाच ठेव, खड्डा पलीकडे सरकव. तर काकू कमरेवर हात ठेवून उभ्या!

"देवाच्या उशाले संडास बांधता का गुर्जी? शिकलेले ना तुमी?"

रहीमभाई म्हणाला, "सर, मले आता दोन्हीकून भेव हाय," आणि पुन्हा गेला.

मी मदतीला खामगावहून वानखडे सरांना बोलावलं. हे माझे जुने मित्र, भूगोल शिकवायचे. ते एसटीनं आले, खिशातून भिंग काढलं, पालथे पडून बराच वेळ दगड पाहिला आणि म्हणाले, "सातवाहन नाई बे. यादव."

"यादव? अबे, अक्षराची ठेवण पाह्य!"

"कोनतं अक्षर?"

"हे काय! हा 'घ' नाही?"

"हा 'घ'? मंग तुह्या वर्गातले पोट्टे पास कसे झाले?"

आमचं असं वाजलं, की चहा तसाच थंड झाला. सातवाहन ते यादव हे तेराशे वर्षांचं भांडण दोन म्हाताऱ्यांनी एका दुपारी उरकलं आणि वानखडे न जेवता परतीच्या गाडीला गेले. एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत झालं होतं. दगडाचा एक कोपरा उडालेला होता, तो शत्रूच्या घणाचा घाव असावा.

यानंतर मी एकट्यानं वाचन हाती घेतलं. 'घरणी' हा शब्द लागला. मग 'दान' लागला. (एकदा लागायला लागलं की काहीही लागतं!) जेवताना मी सुमनला अर्थ सांगितला, "या घरच्या गृहिणीनं हे दान दिलं."

सुमननं ताटात भाकर टाकली. "कोनाले देलं?"

"ते अजून लागलं नाही."

आणि त्याच आठवड्यात वैशूच्या पोटात दुखायला लागलं. धावपळ करत दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. गोरीपान, डोक्यावर दाट जावळ. मी आजोबा झालो, डोळे पुसले आणि त्याच वेळी मला आठवलं, की घरी कमोड नाही.

तिला घरी आणलं त्या दिवसाची मला आजही लाज वाटते. कमोड अख्ख्या गल्लीत कमलाकाकूंकडेच होता. त्यांनी मोठ्या मनानं दार उघडून दिलं. पोरीला टाके पडलेले. ती सुमनच्या खांद्यावर भार टाकून एकेक पाऊल टाकत गल्लीतून त्यांच्याकडे जायची आणि मी मागून छत्री धरून चालायचो. वैशू काही बोलायची नाही. सुमनही नाही. बायका बोलत असल्या की घर चालू असतं, हे मला तेव्हा समजलं.

पाचवा दिवस उजाडला. म्हणजे पाचवी पुजायची. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा पुजतात आणि शेजारी कोरा कागद अन् पेन ठेवतात. कागद होता, पेन होता. पाटा कुठेच नव्हता! घरोघरी मिक्सर. कमलाकाकू म्हणाल्या, "माहा तं सून आल्यापासून गायब हाय."

"आपला व्हता ना?" बाळ घरी आल्यापासून सुमन पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "वरवंटा तं थो काय, दाराले टेकू लावला. पाटा कुठी गेला?"

"माळ्यावर असेल," मी म्हटलं आणि पापक्षालन म्हणून शिडी लावून चढलो. जुनी गादी, फुटकी बादली, कोळ्याची जाळी. पाटा नव्हता.

खालून सुमनला एकेक आठवत होतं. "मिक्सर आलं तवा तुमीच उचलून नेला व्हता. माह्याकून नाई नेववत मनलं तं लय जोर दाखवून राह्यले व्हते! मंग पायावर पाडला. नख उखडलं. बोंबलले किती! आठवते का?"

मी शिडीवर बसून डाव्या पायाचा अंगठा पाहिला. नख अजून वाकडंच येतं. अंगठ्यावर पडला. मग पाट्याचा कोपरा... कोपरा उडाला होता. शत्रूच्या घणानं नव्हे, माझ्या अंगठ्याला चाटून फरशीवर आपटल्यानं! मग मीच तो मोरीच्या नालीवर झाकण म्हणून टाकला होता. टाकी लावलेली बाजू वर, म्हणजे पाय घसरू नये म्हणून! पुढे मोरी पाडली, वर मुरूम पडला, गवत उगवलं. आणि टाकी लावणारी ती पाथरवटीण! गल्लीत ओरडत यायची, छिन्नी-हातोडीनं पाटे खरखरीत करून द्यायची आणि जाता जाता मधोमध एक मासा काढायची. प्रत्येक पाट्यावर. हौस म्हणून.

"सापडला का?" खालून सुमन.

"सापडला," मी म्हणालो.

"कुठी हाय?"

"सातवाहनांच्या काळात."

सुमन पहिल्यांदा मागच्या अंगणात आली. ताडपत्री बाजूला केली, पदरानं हळदकुंकू पुसलं, माशावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "हा तं माहा पाटा!"

मला वाटलं, आता बायका मला फाडून खाणार. पण कमलाकाकूंनी हात जोडले. "पाह्य बापा! बराबर पाचवीच्या दिवशी सटवाई वर आली! अन् म्या मनलंच व्हतं, याच्यावरचं कोनीतरी जेवलं असंन मनून." म्हणजे पुराव्याच्या जास्त जवळ दंतकथाच होती! देव उठून घरात गेल्यावर खड्ड्याला काकूंची हरकत राहिली नाही. रहीमभाईला फोन केला. दगड उचलल्यावर त्यानं आधी खाली वाकून पाहिलं. "कोनी नाई ना सर?" म्हणाला आणि कामाला लागला. बारशाच्या आधी कमोड बसला. वैशू त्या खोलीतून बाहेर आली ती हसत. तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला.

पुरातत्त्वाच्या कचेरीतून उत्तरही आलं. 'आपल्याकडून चुकून पाट्याचा फोटो आला आहे. कृपया शिलालेखाचा पाठवावा.' मी वानखडे सरांना काही कळवलेलं नाही. ते अजून यादवांवर ठाम आहेत, राहू देत.

एका दुपारी मी सुमनसमोर मान खाली घालून म्हटलं, "सगळंच चुकीचं वाचलं गं मी."

ती पाटा धूत होती. म्हणाली, "नाई, बराबर वाचलं तुमी. घरच्या बाईनंच देलं. मिक्सर येईपर्यंत दोन्ही टाइम चटनी देली. कोनाले देलं, थे लागलं का आता?"

लागलं.

बाळंतिणीचं खोबरं-खसखस मिक्सरमध्ये वाटलेलं चालत नाही, असा सुमनचा नवा नियम आहे. त्यामुळे सध्या रोज सकाळी मी पाट्यासमोर मांडी घालून बसतो आणि वाटतो. खांदे भरून येतात. माझ्याच हाताखाली लेख झिजतो आहे; 'घरणी' गेलं, 'दान' अर्धं राहिलंय. मासा तेवढा शाबूत आहे आणि तो रोज माझ्याकडे बघून हसतो.