आमच्या घरातला येशूचा वाद

माझी आई वीणा ही नगरकडच्या ख्रिस्ती घरातली. बाबा पुण्याचे, पक्के नास्तिक. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण सासर-माहेरावरून दोघं कधी भांडल्याचं मला आठवत नाही. भांडण एकच: येशू खरंच होऊन गेला का?

राजधानीत, लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवताना हा विषय निघायचाच.

"त्याच्या हयातीत लिहिलेली एक ओळ दाखव," बाबा म्हणायचे. "सगळं नंतरचं. तेही भक्तांनी लिहिलेलं."

"रोमन इतिहासकारानं लिहिलंय. तो कुठे भक्त होता?" आई पोळी वाढत म्हणायची.

"ऐकीव लिहिलं त्यानं."

मी कानात इअरफोन खुपसून जेवायचे. लोकांचे आई-बाप सिनेमावर बोलतात, यार, आणि माझ्या नशिबी हे.

सात महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघात झाला. हातपाय हळूहळू हलू लागले, वाचा मात्र गेली. त्यांना समजतं सगळं, पण शब्द फुटत नाही. जे काही परत यायचं ते वर्षभरात येईल, पुढे फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आई केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. पहाटे उठून बाबांचं आवरायचं, दिवसभर फायली उपसायच्या, संध्याकाळी मेट्रोत उभ्यानं यायचं. घरी आली की खांद्यावरची पर्सही न उतरवता ती चित्रांची कार्डं काढायची. कप, छत्री, घड्याळ. बाबा भिंतीकडे बघत राहायचे. शेवटी स्पीच थेरपिस्ट म्हणाली, "जिस बात पर ये सबसे ज़्यादा बोलते थे, वही छेड़िए."

आईनं वाद उकरून काढला. आधी स्वतःचे मुद्दे मांडले. समोरून उत्तर येईना, तेव्हा बाबांचेही तीच मांडू लागली. प्रार्थनेशिवाय जिचा दिवस सुरू होत नाही, ती माझी आई रोज संध्याकाळी घसा कोरडा होईपर्यंत सांगायची की येशू नावाचा माणूस कधी नव्हताच. मधेच थांबायची, बाबा काही बोलतात का बघायची, पुन्हा सुरू करायची. रविवारी चर्चमध्ये तिला मान वर करवत नसे. मला तिचा राग यायचा आणि गप्प बसलेल्या बाबांचा त्याहून जास्त. आजारी माणसावर रागावू नये हे कळत होतं, तरी यायचा.

परवा ती आली तीच पार गळून. चहाही घेतला नाही. बाबांच्या समोर बसली आणि म्हणाली, "श्री, थकले रे मी. नव्हता तो. तुझंच खरं. बिल्कुल नव्हता. संपला विषय."

या वेळी ती त्यांना चिडवायला म्हणत नव्हती. तिनं चष्मा काढून ठेवला.

बाबांनी मान हलवली. नाही, नाही. त्यांचा ओठ वाकडा झाला, गळ्याची शीर ताठ झाली.

"त्या... त्याचा," ते म्हणाले. "त्याचा भाऊ."

सात महिन्यांतले पहिले शब्द. मला त्यांचा अर्थ लगेच कळला, लहानपणापासून ऐकलेला मुद्दा होता तो. येशूच्या भावाला आपण यरुशलेममध्ये भेटलो, असं एका प्रेषितानं पत्रात लिहून ठेवलंय. आणि भाऊ होता म्हणजे माणूसही असणारच. हा आईचा हुकमी मुद्दा. तो निघाला की बाबा हात धुवायला उठायचे. आता त्यांनी स्वतःच तो तिच्या हाती दिला होता.

आईनं खुर्ची पुढे ओढली.

"भाऊ म्हणजे काय सख्खाच असतो का?" ती पुन्हा बाबांच्या बाजूनं भांडू लागली. "ते लोक एकमेकांना बंधूच म्हणायचे. बोल ना, श्री. दे आता उत्तर."