इर्याच्या पाठीवरचा डाग

ताइस्तो राउतियो काही भित्रा माणूस नव्हे. चाळीस वर्षं जंगलात झाडं पाडली, एक बोट गमावलं, तरी गड्याने कधी हाय खाल्ली नाही. पण स्वतःच्या पाठीवरच्या एका काळ्या डागाने त्याची झोप उडवली. दर शनिवारी सौनात, त्या तापवलेल्या लाकडी न्हाणीघरात, नवराबायको एकमेकांची पाठ घासत, तेव्हा इर्याच्या हाताला तो लागला होता.

"खरखरीत झालाय बघ. सोमवारी मुकाट्याने डॉक्टरकडे चलायचं!"

डॉक्टर किन्नुनेनबाईंनी डागावर तेलाचा थेंब टाकून डर्मोस्कोप टेकवला. हातात मावणारं, दिव्याचं भिंग ते.

"वयाची खपली आहे. आत पांढरे ठिपके दिसताहेत. काही होत नाही याने."

ताइस्तो असा खुलला की शर्ट उलटाच घातला. "उगाच जिवाला घोर लावलास माझ्या!"

"आणि इर्या, तुमची पाठ कोण बघतं?" बाईंनी विचारलं.

"हा काय, दर शनिवारी घासतो की!" इर्याने ताइस्तोकडे हात केला.

"चष्मा लावून?"

सौनात चष्मा कोण लावतं? तापून नाक भाजायचं. गावातले झाडून सगळे तो बाहेरच काढून ठेवतात.

इर्या कुरकुरत ब्लाउज काढून बसली. खांद्याखाली नखाएवढा डाग होता, अगदी सपाट. घासणाऱ्या हाताला तो कळणार तरी कसा! बाई बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या, मग त्यांनी ताइस्तोलाही बघायला लावलं. कडा वेड्यावाकड्या, रंग तीन-चार, मधे निळसर धूर.

"मेलानोमा असावा, त्वचेचा कॅन्सर. याच आठवड्यात काढू. किती खोल गेलाय ते तपासणीत कळेल."

ताइस्तो पुन्हा भिंगाला डोळा लावून बघू लागला. इतकी वर्षं आपण यावर साबण चोळत होतो!

"मी आंधळा गं, इर्या."

"गप रे. अजून आहे मी," ती म्हणाली, पण ब्लाउजची बटणं तिने चुकीच्या काजांत अडकवली.

डाग काढला. पुढचे बारा दिवस ताइस्तो लाकडं फोडताना एकच घोकत होता, वाईट बातमी तिला कशी सांगायची. तेराव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, तो त्यानेच घेतला. कॅन्सरच होता, पण वरच्याच थरात होता, पुरता निघाला होता.

तो स्वयंपाकघरात गेला. इर्या राय धान्याच्या पावाचं पीठ मळत होती. चांगली बातमी कशी सांगायची हे बिचाऱ्याने घोकलंच नव्हतं. तो नुसताच उभा राहिला. त्याचा चेहरा बघून ती मटकन खाली बसली.

"बोल ना रे, ताइस्तो!"

त्याने तिचे पिठाचे हात धरले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा धाय मोकलून रडला.

"निघालं गं," तो म्हणाला. "सगळं निघालं."