भरून द्यायची भांडी

बायको गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. खुर्चीवर बसलो की उठतो, गॅलरीत जातो, परत येतो, पंखा लावतो, बंद करतो. तशी जन्मभर उभं राहायचीच सवय. लालबागला गिरणीत साच्यांवर कापड विणायला होतो, तिथं बसायला कोण देतो? पण ते उभं राहणं कामाचं होतं. हे नुसतं भिरभिरणं.

मुलीनं डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर पोरगाच आहे, पण बरा आहे. म्हणाला, काका, वेळेवर जेवा, पाणी प्या, सकाळी चाला, माणसांत बसा. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं मलाही कळतं. जेवा म्हणणं सोपं आहे. एकट्यानं ताट वाढून घेतलं की घास तोंडात फिरत राहतो, तो खाली कसा उतरवायचा हे कुठला डॉक्टर सांगत नाही.

मुलगी डोंबिवलीला असते. माझी पँट कमरेवरून घसरताना बघून तिनं सांगून टाकलं, रविवारी येते, असेच दिसलात तर सामान बांधायचं आणि माझ्याकडं यायचं. खोलीला कुलूप. मला ते नको होतं. जावई चांगला आहे, तक्रार नाही. पण तिथं सातव्या मजल्यावर दार लावून टीव्हीसमोर बसायचं म्हणजे माझं डोकं फुटेल. आणि ही खोली बायकोची. लग्न होऊन आली ती इथंच आली. खोली सोडली तर तिला कुठं शोधू?

खरं तर घरात जेवण येत होतं, चिक्कार. आमच्या चाळीत माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी भात-आमटी आणून देतात. तेरावं झालं तरी बायका थांबल्या नाहीत. कुणी टोपात कालवण, कुणी डब्यात भाजी. आता आलेलं भांडं आमच्यात रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. हे सगळं बायको बघायची. मी काय घालणार? चहासुद्धा खाली टपरीवर पीत होतो, साखरेचा डबा कधीच संपलेला. वाण्याकडून आणता आली असती, पण तेव्हा तेवढंही उरकत नव्हतं. मग भांडी घासायची आणि ओट्यावर उपडी घालायची. ओटा भरला, मग मोरीच्या कडेला. शेवटी कुणी नवीन काही घेऊन आलं की लाज वाटायला लागली, म्हणून मी भरदिवसा दार लावून घ्यायला लागलो. चाळीत दिवसा दार लावलेलं दिसलं की माणूस एक तर गावी गेलाय, नाही तर बिनसलंय. लोकांनी बिनसलंय असं धरलं आणि डबे थांबले. मी चहा-पावावर आलो.

शुक्रवारी शेजारच्या वहिनींनी दार ठोठावलं नाही, बडवलं. मालवणकडच्या, बायकोच्या जिवाभावाच्या.

"भावोजी, माझो टोप देवा. बांगडे हाडलंय, कालवण कशात करू?"

मी म्हटलं, रिकामा कसा देऊ, म्हणून राहिला. त्यांनी आत वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अख्ख्या माळ्याचे टोप हंय, आणि आमी शोधतंव थंय."

तसाच द्या म्हणाल्या. मी हटून बसलो. जरा थांबा म्हटलं आणि चपला घातल्या.

लग्नाआधी गाववाल्यांबरोबर खोलीत राहायचो तेव्हा पाळीपाळीनं कुळथाची पिठी करायचो. तेवढंच मला येतं. कुळथाचं पीठ आणलं, कोकम आणलं. पहिली फोडणी जळली, दुसरी केली. पीठ पाण्यात कालवलं तर गुठळ्याच गुठळ्या, त्या बोटांनी फोडत राहिलो. उकळी आल्यावर मीठ बघायला चमचाभर चाखली. मग आणखी एक चमचा. मग वाटीच घेतली आणि ओट्याशी उभ्यानं संपवली.

वहिनींनी दारातच टोपात बोट घातलं. आंबट झाली म्हणाल्या, पण नेली. संध्याकाळी तोच टोप बांगड्याचं कालवण घालून परत. म्हणजे पुन्हा भरून देणं आलं.

शनिवारी बाकीची भांडी काढली. मोठं पातेलं चढवलं, थोडी थोडी पिठी सगळ्यांत घातली आणि माळ्यावर एकेक दार घेतलं. नुसतं देऊन सुटका नाही, प्रत्येक ठिकाणी बसावं लागतं. एकीनं चहा दिला. एकीनं मला झापलं, दार कसलं लावता म्हणून. एक म्हातारी बायकोची आठवण काढून रडायला लागली आणि मीही तिच्या चौकटीला धरून रडलो. घरात इतके दिवस रडलो नव्हतो.

रविवारी मुलगी आली ती मोठी बॅग घेऊनच. मी पिठी-भात वाढला. मान खाली घालून जेवली.

"आई एवढी आंबट करत नव्हती."

"ती चांगली करायची. मी अशी करतो."

ती उठून वहिनींकडं गेली. बराच वेळ आली नाही. मी आत-बाहेर करत होतो. आली तेव्हा डोळे लाल.

"राहा इथं. काकी पण तेच म्हणतायत. पण बाबा, रोज सकाळी फोन करून काय शिजवलं ते सांगायचं. चहा-पाव म्हणालात तर मी त्याच दिवशी येणार."

मी हो म्हटलं. ती बॅग तशीच घेऊन जिना उतरली.

सोमवारी उठलो आणि तिला सांगायला काहीतरी हवं म्हणून तांदूळ धुवून गॅसवर ठेवले. भात होईपर्यंत बसवलं नाहीच. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिलो, मधे आत येऊन झाकण उघडून बघत.