एकतीस नंबरची खुर्ची

झोपणाऱ्या मुलांचा मला पहिल्यापासून राग. तीस वर्षं नांदेड जिल्ह्यातल्या शाळांमधून विज्ञान शिकवलं, आधी उमरीला, मग भोकरला, शेवटी कंधारला. जेवणाच्या सुट्टीनंतर कुणी बाकावर मान टाकली, की त्याच्या कानाशी पट्टी आपटायचे. निवृत्त होऊन लातूरच्या आमच्या घरी राहायला आले तेव्हा पट्टी शाळेत राहिली, राग सोबत आला.

घराचा वरचा मजला रिकामा होता. लातुरात रिकामा मजला फार दिवस रिकामा राहत नाही. मेडिकलच्या परीक्षेची तयारी करायला गावोगावची मुलं इथं येतात, एकेका खोलीत चौघं-चौघं राहतात, आणि वाचत बसायला त्यांना शांत जागा लागते. तिला अभ्यासिका म्हणतात आणि ती गल्लोगल्ली असते. मीही काढली. बत्तीस टेबलं, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी प्लायची आडभिंत, डोक्यावर दिवा, पाठीला नीट आधार देणारी खुर्ची.

रस्त्याच्या बाजूला चार खिडक्या होत्या. त्यांतून धूळ यायची, रिक्षांचे भोंगे यायचे, लग्नसराईत डीजे तर थेट घरातच यायचा. मी चारही खिडक्या बंद करून कडांना रबराची पट्टी मारून घेतली. छताजवळच्या झरोक्यांत चिमण्या काड्या आणून टाकायच्या, म्हणून त्यांवर प्लाय ठोकून भिंतीचा रंग दिला. मग दोन एसी बसवले. बाहेर गच्चीत ठेवलेला भाग बाहेरची हवा ओढून घेतो आणि आतला भाग ती गार करून सोडतो, असा माझा ठाम समज होता. कुणी विचारलं असतं तर फळ्यावर आकृती काढून दाखवली असती.

आमचे हे एकदा वर येऊन बघून गेले. "ही अभ्यासिका आहे का लोणच्याची बरणी? घट्ट झाकण लावून पोरं मुरत घातलीस की!" म्हणाले. मी त्यांना खाली जाऊन पेपर वाचायला सांगितलं.

अभ्यासिकेचे नियम माझे होते आणि कडक होते. फोन दारातल्या कपाटात. बोलायचं ते जिन्यात. माझ्याकडे एक वही होती, तीत प्रत्येकाचं नाव आणि खुर्चीचा नंबर. झोपलेलं दिसलं की नावापुढे लाल टिंब. टिंबं फार झाली की घरी फोन. खुर्च्या मात्र मी अगदी न्यायानं वाटायचे, जो आधी येईल त्याला आधीची. शहरातली मुलं निकाल लागल्या लागल्या यायची आणि दाराजवळच्या खुर्च्या घ्यायची. खेड्यातली मुलं पेरण्या उरकून, बसायला जागा शोधत यायची, त्यांना मागच्या भिंतीजवळच्या मिळायच्या. मला त्या मागच्या खुर्च्याच जास्त चांगल्या वाटत. तिथं येजा नाही, आवाज नाही.

तीन वर्षांत मी चार मुलांना घरी परत पाठवलं. त्यातल्या भोकरकडच्या एका मुलाला न्यायला त्याची आई आली होती. दारातच मी तिला सांगितलं, "याच्यात ते नाही. उगीच याची वर्षं घालवू नका." तिनं हात जोडले आणि म्हणाली, "बरं झालं बाई, सांगितलं." मुलगा मागे गादीची वळकटी धरून उभा होता. मला त्या दिवशी चांगलंच वाटलं होतं. खरं बोलायला कुणीतरी हवं, असंच मी आमच्या ह्यांना म्हटलं.

मागच्या वर्षी एकतीस नंबरच्या खुर्चीवर कंधारजवळच्या खेड्यातली एक मुलगी होती. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी. गावानं हुशार म्हणून नावाजलेली, अक्षर मोत्यासारखं. पण दुपारचे दोन वाजले की हिची मान पुस्तकावर. सारखी कपाळाला बाम लावायची आणि त्याचा वास मागच्या सगळ्या रांगेत पसरायचा. दिवाळीपर्यंत तिची सात टिंबं झाली, मार्चपर्यंत सतरा. मी तिला दोनदा बाहेर बोलावून झापलं. ती खाली बघून फक्त "हाव मॅडम" म्हणायची. एप्रिलमध्ये, परीक्षेला महिना राहिलेला असताना, मी तिच्या वडिलांना फोन केला आणि म्हटलं, "मुलीला घेऊन जा. तिच्या आवाक्यातलं नाही हे. इथं ठेवून तिचे हाल करू नका."

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "उद्या येतो बाई," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला ते आले. पांढरा सदरा, टोपी, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा. ज्या बाईनं मुलीला हाकललं तिच्यासाठी शेंगा आणणारा माणूस. मला थोडं अवघडल्यासारखं झालं. मुलीची क्लासमध्ये टेस्ट होती, ती चारला सुटणार होती. बाहेर ऊन रणरणत होतं. मी त्यांना तिच्याच खुर्चीवर नेऊन बसवलं. म्हटलं, गारव्यात बसा तोवर.

पाऊण तासानं मी फेरी मारली तर हे गृहस्थ हनुवटी छातीवर टेकवून गाढ झोपलेले. मला आतून हसू आलं. म्हटलं, मूळ सापडलं, हे घराण्यातलंच आहे. वही हातात असती तर त्यांच्याही नावानं टिंब दिलं असतं.

अडीचच्या सुमाराला ते डोकं चोळत बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर, उन्हाच्या झळेत जाऊन बसले. मी पाणी दिलं. ते बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले.

"बाई, राग येऊ देऊ नका," ते म्हणाले. "पर ह्या खोलीत वारं न्हाई."

"अहो, दोन-दोन एसी चालू आहेत."

"गार हाय की. लई गार हाय. पर गार येगळं अन् वारं येगळं."

मला रागच आला. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला हा माणूस हवा शिकवणार! पण पाहुणा होता, शेंगा आणलेल्या होत्या, म्हणून गप्प बसले.

"पेव ठाऊक हाय ना तुमाला?" त्यांनी विचारलं.

कंधारला इतकी वर्षं काढलेल्या माणसाला पेव ठाऊक असतंच. जमिनीत विहिरीसारखं खोल खणलेलं धान्याचं कोठार, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. आत ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आता ती बुजली, पण त्यांच्या तरुणपणी गावात होती.

"पेव उघडलं की लगेच उतरायचं न्हाई," ते सांगू लागले. "एक दिस तोंड उघडं ठेवायचं. मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील इझला की अजून थांबायचं. मी तवा अठरा वर्साचा. म्हटलं, एक पोतं जवारी काढायला किती येळ लागतो? कंदील सोडलाच न्हाई. कमरंला दोरी बांधली अन् उतरलो."

"मग?"

"मग काय न्हाई. लई गोड झोप आली. दुखलं न्हाई, खुपलं न्हाई. वरच्यांनी दोरी वडली म्हणून आज तुमच्यासंग बोलून राहिलो. वर आल्यावर दोन दिस डोकं फुटून राहिलं व्हतं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हवंत जीव नसला ना बाई, तर माणूस वरडत न्हाई. झोपतो. आज तुमच्या खुर्चीत मला तीच झोप आली. तेवढी न्हाई, पर त्याच जातीची."

मग त्यांनी विचारलं, "दारात उदबत्ती लावता, ती कवा लावली आज?"

"सकाळी सातला."

"जरा मागं या."

मी त्यांच्या मागोमाग आत गेले. तीन वर्षांत मी त्या भिंतीजवळ टिंबं द्यायला गेले होते, बसायला कधीच नाही. एकतीस नंबरच्या खुर्चीवर बसले आणि एक दीर्घ श्वास घेतला. सकाळची मोगऱ्याची उदबत्ती तिथं होती. कुणाच्या तरी डब्यातली कांद्याची भाजी होती. मुलीचा बाम तर कालचाच असावा. दुपारचे तीन वाजले होते.

"सातची उदबत्ती अजून हितंच हाय," ते हळूच म्हणाले. "तिला वाट भेटली असती तर गेली नसती का?"

मला उमरीची सातवी आठवली. दरवर्षी टेबलावर मेणबत्ती पेटवायची, तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा आणि ज्योत मंद होत विझली की मुलांना विचारायचं, का विझली? आतला प्राणवायू संपला बाई, असं मुलं एका सुरात ओरडायची. मी शाबासकी द्यायचे. तीस वर्षं तो पेला हातात धरला, आणि घराच्या वरच्या मजल्यावर त्याच्याहून मोठा बांधून त्यात बत्तीस मुलं ठेवली.

तरी खात्री करावी म्हणून मी एसीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, एसी बाहेरची हवा घेतच नाही. आतलीच फिरवतो आणि थंड करतो." मी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. त्यानं तिन्ही वेळा तेच सांगितलं.

चारला मुलगी आली. सामानाची बॅग तिनं सकाळीच भरून जिन्याखाली ठेवली होती. वडिलांनी तिला पायरीवर शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "झोप कुठं येती माय तुला? रूमवर येती का?"

"न्हाई."

"क्लासात?"

"न्हाई दादा. फकस्त हितं."

"मग सांगायचं न्हाई का बाईला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मला वाटलं, माझंच डोकं कमी हाय."

तिला तसं वाटायला लावणारी मी समोरच उभी होते. सतरा वेळा लाल पेन उचललं, दोनदा झापलं, आणि झोप कुठं येते हा साधा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. मला फार लाज वाटली. मी तिची बॅग स्वतः उचलली आणि वर नेऊन ठेवली. "परीक्षा होईपर्यंत कुठं जायचं नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज नेहमीसारखाच करडा निघाला. दुसरा आवाज मला येत नाही.

त्याच संध्याकाळी मी सुतार बोलावला. रबराच्या पट्ट्या निघाल्या, झरोक्यांवरचा प्लाय निघाला, मागच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसला. एसी अजूनही आहेत, लातूरचा उन्हाळा त्यांच्याशिवाय निघत नाही. पण शाळेतून निरोपाच्या दिवशी मिळालेली पितळी घंटा आता दर तासाला वाजते. ती वाजली की चारही खिडक्या दहा मिनिटं सताड उघडतात आणि सगळ्यांनी गॅलरीत उभं राहायचं. धूळ येते, भोंगे येतात, मुलं कुरकुरतात. चिमण्याही परत आल्या आहेत. दुपारी अजूनही कुणी डुलकी घेतं, पण बामाची बाटली मात्र महिनाभरात दिसेनाशी झाली. आमचे हे म्हणाले, "झाकण उघडलंस एकदाचं." मी ऐकून घेतलं.

पण त्या दिवशी वडील जायला निघाले तेव्हा चप्पल घालता घालता सहज म्हणाले होते, "बाई, ह्या खुर्चीवर माझ्या लेकीच्या आधी कोण बसायचं?"

ते गेल्यावर मी वही काढली. तीन वर्षांची पानं उलटली. लाल टिंबं कुठं आहेत ते पाहायला नावं वाचावीच लागली नाहीत, नुसते नंबर पुरले. दाराजवळच्या, दार उघडलं की वारं लागणाऱ्या खुर्च्यांपुढे तुरळक. पंचवीसपासून पुढे पानं लालच लाल. ज्या चौघांना मी परत पाठवलं त्यांचे नंबर होते अठ्ठावीस, तीस, बत्तीस आणि एकतीस. एकतीस म्हणजे भोकरकडचा तो मुलगा, वळकटी धरून उभा राहिलेला. वाटणी न्यायाची आहे, असं मला वाटत होतं.

चौघांचेही फोन नंबर वहीत होते. भोकरकडच्या त्या मुलालाच पहिला फोन करायला मला चार दिवस लागले. तो आता गावात खताच्या दुकानात काम करतो. माझा आवाज ऐकून तो उठून उभा राहिला असावा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मॅडम, तुमची तब्येत बरी हाय ना?"

मी म्हटलं, "बरी आहे. तू एकतीस नंबरला बसायचास ना?"

"हाव मॅडम. लई झोपायचो मी. तुम्ही बरोबरच सांगितलं आईला. माझं डोकं चालतच नव्हतं."

मग मी त्याला सगळं सांगितलं. खिडक्या, झरोके, एसी, उदबत्ती, वहीतले नंबर. चूक माझी होती, हेही सांगितलं. एवढं सरळ वाक्य मी आयुष्यात फार थोड्या वेळा बोलले असेन. तो ऐकत राहिला. दुकानात कुणी तरी युरिया मागत होतं, त्याला त्यानं थांबायला सांगितलं.

"म्हणजे मॅडम," तो म्हणाला, "मी ढ नव्हतो?"

"नाही रे. नव्हतास."

मला वाटलं, आता चिडेल, आणि चिडावंच त्यानं. पण तो म्हणाला, "मग एवढं एक काम करा. हे एकदा आईला सांगा. मी सांगून तिला पटायचं न्हाई. तुमचं पटलं व्हतं तिला. दुकानामागंच घर हाय, थांबा."

पावलांचा आवाज आला, एक दार वाजलं, कुठं तरी शेळी ओरडली. मग फोन दुसऱ्या हातात गेला.

"बोला बाई," ती म्हणाली. तोच आवाज होता, हात जोडलेला.