साडूभाऊंचा आश्विन

आश्विन महिन्यावर मालकी सांगावी असा सबंध नंदुरबार जिल्ह्यात एकच मनुष्य आहे, आणि ते माझे साडू आहेत. शहाद्याजवळच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी उभी नोकरी उसाच्या गाड्या तोलण्यात घालवली. मात्र गळीत हंगामापूर्वी काटा रिकामा असे, त्या पाच-सहा आठवड्यांत, नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत, त्यांनी दरवर्षी एक प्रेमकादंबरी लिहिली. घटस्थापनेला पहिले पान, आणि गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडण्याच्या, म्हणजे हंगाम सुरू होण्याच्या, आदल्या दिवशी शेवटचे. निवृत्त झाल्यावरही हा नेम मोडला नाही. अशा अकरा कादंबऱ्या झाल्या, आणि बारावी झाली नाही. ती का झाली नाही, याविषयी कारखान्याच्या वसाहतीत तीन मते प्रचलित आहेत. मोतीबिंदूमुळे, असे त्यांचे चिरंजीव सांगतात. विषय संपले, असे ग्रंथालयाचे कारकून सांगतात. वयोमानाप्रमाणे व्हायचेच, असे इतर सर्वजण सांगतात. तिन्ही मते निखालस चुकीची आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम झाली असून ते आजही सुईत दोरा ओवतात. विषय संपण्याचा प्रश्नच नव्हता, कारण अकरा कादंबऱ्यांत विषय एकच होता. आणि वयाचे म्हणाल, तर मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा आहे व माझे काहीही थांबलेले नाही. खरे कारण मी आहे, आणि ते कोणी मोतीबिंदूच्या नावावर खपवावे हे मला मान्य नाही.

त्यांच्या कादंबऱ्यांतले गाव शेवंतीपूर. तापीकाठच्या या गावात बारा महिने आश्विनच असे. ऊन कोवळे, कापूस नुकता फुटू लागलेला, अंगणात झेंडू, आणि नायिकेच्या खांद्यावर शाल. दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे माणसे पंख्याखालून उठायला तयार नसतात, हे मी त्यांना प्रथमपासून बजावत होतो. "साडूभाऊ, ही शाल पांघरून ती बाई घामाने भिजेल!" त्यावर ते शांतपणे म्हणत, "गुरुजी, तिले घाम येत नही." नायिका नेहमी पुण्याहून परत येई आणि वडिलांची बंद पडलेली खारी-टोस्टची भट्टी पुन्हा पेटवी. नायक बहुधा गुरांचा डॉक्टर. तिची स्कूटर त्याच्याच दारात बंद पडे, आणि अकरा कादंबऱ्यांत ती दुसऱ्या कोणाच्या दारात कधीही बंद पडली नाही. खलनायक असावा, असा सल्ला मी चौथ्या कादंबरीच्या वेळी दिला. त्यांनी तो मानलाही. पण चाळिसाव्या पानापर्यंत तो खलनायक भट्टीवर मैदा मळू लागला होता. "काय करू गुरुजी? मानूस चांगला निंघना," माणूस चांगलाच निघाला, हे त्यांचे स्पष्टीकरण.

सर्वांत मोठी अडचण पंचांगाची होती. गोष्ट आश्विनातली, म्हणजे चातुर्मासातली, आणि चातुर्मासात लग्नाचा मुहूर्त नाही. दुसऱ्या एखाद्या लेखकाने बेलाशक अक्षता उधळल्या असत्या, पण हे गृहस्थ काल्पनिक वधूवरांनाही बिनमुहूर्ताचे बोहल्यावर उभे करण्यास तयार नव्हते. परिणामी त्यांची प्रत्येक कादंबरी साखरपुड्यावर थांबे. झेरॉक्स काढून स्पायरल बांधलेली प्रत वसाहतीतल्या बायका घरोघर फिरवत, आणि शेवटचे पान संपवून साडूभाऊंच्या ओट्यावर चाल करून येत: "पण लग्न कधी?" तेव्हा त्यांनी एक प्रथाच पाडली. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कादंबरीतल्या जोडप्याचे लग्न लागले असे समजायचे, आणि वाचकांना पुरी-श्रीखंडाचे जेवण घालायचे. हाताने लिहिलेली पत्रिका घरोघर जाई. एका वर्षी माझ्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, नायिकेसाठी खणसुद्धा काढून ठेवला होता. "कोनले देशी?" असे माझ्या पत्नीने विचारले, तेव्हा त्या इतक्या गोंधळल्या की तो खण त्यांनी तिलाच दिला.

अकराव्या लग्नाच्या जेवणाला अध्यक्ष म्हणून त्यांनी मला बोलावले. मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवले आहे, तेव्हा निवड योग्यच होती. मी काय बोललो याचीही आता अनेक रूपे फिरतात. मी दारू पिऊन आलो होतो, हे एक. मी ती प्रत फाडली, हे दुसरे. दारूला मी कधी स्पर्श केलेला नाही, आणि कागद फाडणे मला परीक्षेतही सहन होत नसे. जे घडले ते याहून वाईट होते. मी पाऊण तास शुद्ध, मुद्देसूद आणि अत्यंत विनोदी भाषण केले. शाल झाली, स्कूटर झाली, मैदा मळणारा खलनायक झाला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साडूभाऊ सर्वांत मोठ्याने हसले, आणि त्या हसण्याने मला चेव चढला. मी म्हणालो, "ह्याच दिवसांत खापर गावच्या रस्त्याने ट्रक भरभरून माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात. भांडी, कोंबड्या, तान्ही मुले, सगळे त्या ट्रकमध्ये. काट्यावर बसून जन्मभर ऊस तोलणाऱ्या माणसाला तो तोडणारा दिसला नाही. ह्यांच्या शेवंतीपुरातून कोणालाच कधी जावे लागत नाही. हे लेखन नव्हे, हे डोळे मिटून बसणे आहे."

कोणी हसले नाही. साडूभाऊ उठले आणि त्यांनी मला नारळ दिला. "गुरुजीस्नं खरं शे," एवढेच म्हणाले. पत्नी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बोली लिधं ना? आते जेवा."

पंगतीत माझ्या शेजारी वसाहतीच्या दवाखान्यातली परिचारिका बसली होती. ती खापरपलीकडच्या डोंगरातली. श्रीखंडाला हात न लावता ती म्हणाली, "गुरुजी, आमची माणसं जातात, हे मला पुस्तकातून कळायला पाहिजे का? मी त्याच ट्रकात वाढले. दिवाळी झाली की आमचं घर बंद. ह्यांच्या गावात कोणी जात नाही, म्हणून तर वाचते मी."

मला वादात आजवर कोणी निरुत्तर केलेले नाही, असे मी सांगत असतो. ते खरे नाही. त्या दिवशी मी समोरची पुरी खाली मान घालून संपवली.

पुढच्या घटस्थापनेला साडूभाऊंनी वही काढली, आणि पहिल्याच पानावर शेवंतीपुरात ट्रक आणला. माझा शब्द त्यांनी एखाद्या हुकमासारखा मानला होता. ट्रक भट्टीसमोर उभा राहिला आणि वही तेथेच थांबली. दुसऱ्या वर्षी तसेच. यंदा मी क्षमा मागायचे ठरवले. चार वाक्ये रचून, पाठ करून, स्वच्छ धोतर नेसून त्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी लगबगीने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. मी घसा साफ केला आणि माझ्या तोंडून निघाले ते असे: "साडूभाऊ, तो ट्रक काढून टाका. कलेच्या दृष्टीने तो तेथे अप्रस्तुत आहे."

ते हसले. "मी काढा व्हता, गुरुजी. पन आते तो मले दिखस." मग माझीच समजूत काढावी तसे म्हणाले, "तुम्हना काय दोष? तो व्हताच तठे."

घरी येऊन मी जे केले ते पत्नीलाही सांगितलेले नाही. मी स्वतः बारावी कादंबरी लिहावयास बसलो. शेवंतीपूर, आश्विन, शाल, स्कूटर, सर्व यथासांग घेतले. परंतु माझी नायिका डॉक्टरांच्या दारात पोचताच त्यांच्याशी भांडू लागली, आणि तिचे सर्व मुद्दे बिनतोड होते. तीन दिवसांत मला त्या दोघांना एकत्र चहा पाजता आला नाही. जे काम साडूभाऊ काट्याच्या खिडकीत बसून सहज करीत, ते किती अवघड आहे हे मला या वयात कळले. अखेर लिहून झालेला तो एकच कागद घेऊन मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा न लावता तो वाचला, दोनदा वाचला, आणि पोट धरून हसले.

"गुरुजी, तिले आधी बसू तं द्या!"

"कशी बसवू?" मी विचारले. कोणाला काही विचारण्याची मला सवय नाही, त्यामुळे तो आवाज मला परक्याचा वाटला.

त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. मी कागद परत घ्यायला हात पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आठेच."

मी तो त्यांच्याजवळच ठेवला. क्षमेची चार वाक्ये तशीच घेऊन परत आलो. ती मी एक दिवस म्हणेन, कारण त्यांतील एक शब्दही बदलण्यासारखा नाही. तूर्त रोज सकाळी त्यांच्या ओट्यासमोरून जातो. ते "या, गुरुजी" म्हणतात, मी बसतो, आम्ही पिकापाण्याचे बोलतो. कारखान्यात यंदाची मोळी पडायला अजून नऊ दिवस आहेत. त्या कागदाचे पुढे काय झाले, हे मी विचारत नाही.