मापातला धूर

उस्तादने आयुष्यात एकही सिगारेट ओढली नव्हती. तरी त्या सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याला छोट्याशा यंत्रात फुंकर मारायला लावली, आकडा पाहिला आणि विचारलं, "बाबा, कधीपासून ओढता?"

"काय?"

"सिगारेट."

उस्ताद हसला. बाई हसल्या नाहीत.

तो गॅरेजातला हेड मेकॅनिक. मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा, रक्त जायचं. गाडीखाली आडवा झालेला माणूस मधेच पाना टाकून पळायचा. मागून कुणीतरी ओरडायचं, "उस्ताद मीटिंगला निघाले!" परत आल्यावर तोही सांगायचा, "आजची मीटिंग फार तापली बाबांनो." संडासाला कडी नव्हती. मालकाला सांगून तो थकला होता. खांद्याने दार दाबून बसायचा.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. सर्जन म्हणाले, आतडं काढू, पोटावर पिशवी लावू. बायको म्हणाली, "पिशवी तर पिशवी. तुम्ही हवे आहात मला." त्याने मान डोलावली. पण रात्रंदिवस इंजिनावर पोट टेकून काम करणाऱ्याने ती पिशवी ठेवायची कुठे?

मग पोटाच्या डॉक्टरांनी एका प्रयोगाबद्दल सांगितलं. मास्कमधून एक वायू हुंगायचा.

"कोणता?"

"कार्बन मोनॉक्साइड."

उस्ताद खुर्चीतून उठलाच. "अहो, त्याने माणसं मरतात!"

"मरतात. अगदी थोडा, मोजून दिला तर आतड्याची सूज उतरते का, ते आम्ही बघतोय. प्राण्यांमध्ये उतरलेली दिसली आहे. माणसांत अजून काही सिद्ध नाही. घरी करून बघायची गोष्ट तर मुळीच नाही ही."

बायको म्हणाली, "जग धुरापासून पळतं, आमचं माणूस धुराकडे चाललंय." पण तिनेच त्याचा शर्ट इस्त्री केला. सिगारेट ओढणारे या प्रयोगात चालत नव्हते, कारण त्यांच्या रक्तात हा वायू आधीच असतो. उस्तादला त्याची काय काळजी?

आणि आता हा आकडा.

डॉक्टर आले. "खरं सांगा. ओढत असाल तर आम्ही रागावणार नाही."

"लेकीची शपथ घेऊ?"

"घरात कोळशाची शेगडी?"

"नाही."

"काम कुठे करता?"

उस्ताद बोलायला गेला आणि थांबला. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केल्यापासून मालक शटर खाली ओढून इंजिनं चालवायला लावत होते. सायलेन्सरला लावून धूर बाहेर सोडायचा पाइप फाटला होता. चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून त्याचं बुजगावणं झालं होतं. दुपारी सगळ्यांचीच डोकी ठणकायची. त्यासाठी मालकांनी टेबलावर डोकेदुखीच्या गोळ्यांची बरणी ठेवली होती. हवी तेवढी घ्या. मालकाचं मन मोठं आहे, असं सगळे म्हणायचे. उस्तादही म्हणायचा.

"आम्ही जेवढा देणार होतो, त्याहून जास्त तुमच्या रक्तात आधीच आहे," डॉक्टर म्हणाले. "वरून आणखी देता येणार नाही. तिथून बाहेर पडा, मोकळ्या हवेत राहा. आकडा उतरला आणि प्रयोगात जागा उरली, तर बघू."

"नाही उरली तर?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला.

उस्ताद तसाच गॅरेजात गेला. शटर खाली, आत इंजिन चालू. त्याची हकिगत ऐकून मालक खो खो हसले. "म्हणजे तुझं औषध मी फुकटच देत होतो की रे! उपकार मान."

दोघेतिघे हसले. उस्ताद हसला नाही.

"मग मला बरं का नाही वाटत, मालक? तिथं वायू मोजून देतात. बाजूला नर्स उभी असते. नको म्हणायची मुभा असते. तुम्ही आम्हाला पेटीत भरता, झाकण लावता आणि वर गोळ्या वाटता. गोळ्या आणायचं सुचलं, पाइप आणायचं नाही सुचलं?"

"आवाज खाली!"

"आवाजाचीच भीती आहे तुम्हाला. माणसं गुदमरताना आवाज करत नाहीत, ते बरं पडतं."

त्याने शटर वर फेकलं. मालक ओरडले, शेजारी बोंबलतील. "बोंबलू देत की," असं म्हणत गाड्यांना रंग मारणाऱ्या पेंटरने इंजिन बंद केलं. आता कुणी हसत नव्हतं. त्यानंतर बंद दाराआड कुणी इंजिन लावलं नाही. मालकांनी दात ओठ खात नवा पाइप आणला.

उस्ताद पुन्हा दवाखान्यात गेला. यंत्रात फुंकर मारली.

"वा बाबा!" नर्सबाई म्हणाल्या. "सोडलीत वाटतं!"

"जागा आहे ना?"

बाईंचा चेहरा पडला. "परवाच भरली. डॉक्टर फार हळहळले."

उस्ताद बसून राहिला. पोटात कळ आली, तीही त्याने बसूनच सोसली. आता सर्जन आणि पिशवी. समोर त्याचा कागद उघडा होता. नाव वगळण्याच्या कारणापुढे लिहिलं होतं, धूम्रपान.

"ते खोडा."

"अहो, आता त्याने काय फरक पडतो?"

"खोडा म्हणतो ना!"

बाईंनी खोडलं. "मग काय लिहू?"

"नोकरी," उस्ताद म्हणाला.