शाब्ली आणि देवगड

इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहत असताना माझा इंग्लिश मॅनेजर जेवायला आला, तो शाब्ली नावाची फ्रेंच वाइन घेऊन. देवगडहून आलेल्या सासूबाईंना लेबल दाखवत तो म्हणाला, "शाब्ली हे गाव आहे. त्या भागाबाहेरच्या वाइनला हे नाव लावता येत नाही. कायदाच आहे!"

मी मराठीत सांगितलं. सासूबाई खूश झाल्या. "शहाणे हो लोक! आपल्याकडे कुठलाही आंबा देवगड हापूस म्हणून खपवतात."

त्या कायद्याच्या मानाखातर त्यांनी आयुष्यातला पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, एवढी आंबट! मग गावाचं नाव कशाला सांगायचं?"

"काय म्हणाल्या?" मॅनेजरने विचारलं.

"फार आवडली म्हणतात."

पुढच्या रविवारी तो खास त्यांच्यासाठी आणखी दोन बाटल्या घेऊन आला.